दुसऱ्याची डबी

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की दापोलीत पहिला प्रश्न चादरीचा येतो. किती आणल्या, रंग जातो का, आमच्यासाठी एखादी आणली असतीस तर. दुसरा प्रश्न शेंगाच्या चटणीचा. यंदा मी चादर आणलीच नाही आणि चटणी आणली होती ती गाडीतच निम्मी संपली. पण जे बघून आले ते शेजारणीला सांगता सांगता दोनदा चहा झाला आणि तरी तिचा विश्वास बसेना, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

जायचं कारण मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, सुमन मावशी, करकंबला दिली आहे. पंढरपूर तालुक्यातलं हे मोठं, उसाचं आणि बाजाराचं गाव. मावशीला मिशरीची सवय. आमच्याकडे कोकणात तिला मशेरी म्हणतात, वस्तू तीच: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर चोळत बसायची. बाईनं दारू प्यायली तर गाव गोळा होईल, पण मिशरीला कुणी व्यसन म्हणतच नाही. दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून पाच-सहा वेळा दात घासले जातात, एवढंच.

पोळ्याच्या थोडं आधी मावशीच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा डाग दिसला. सोलापूरच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, मिशरी पूर्ण बंद करा, थंडीत परत दाखवा. डाग वाढला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. मावशीची थोरली जाऊ अशाच एका डागापासून सुरू होऊन तोंडाच्या कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तिला पेजही गिळवत नव्हती आणि ती भरवायला मावशीच होती. त्यामुळे हा डाग घरात कुणीही हसण्यावारी नेला नाही.

आता परत दाखवायची वेळ आली होती. आईचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून तिनं मला पाठवलं. निघताना एवढंच म्हणाली, "सोबत कर. भाषणं देऊ नकोस."

करकंब

पोचले तेव्हा मावशी चुलीपुढे होती. आमच्या तांदळाच्या भाकरीला जरा जोरानं बोट लावलं तर भोक पडतं. इथली ज्वारीची कडक भाकरी मोडताना असा आवाज होतो की बाहेर काकांना कळतं, पाहुणी जेवायला बसली. सोबत पिठलं, चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. मी खात होते आणि मावशीच्या उजव्या हाताकडे बघत होते. बोलता बोलता तिचं पहिलं बोट आपोआप ओठांपर्यंत जायचं, तिथं थबकायचं आणि परत यायचं. मग ती बडीशेप तोंडात टाकायची.

मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "मला कळतंय गं," ती म्हणाली, "पर ह्या बोटाला कोण सांगणार?"

"त्रास होतो का?"

"पैले पंधरा दिवस डोकं असं दुकायचं की तुज्या काकांनी घरात यायचं सोडलं. कोठा साफ व्हायना. कुणी नीट बोललं तरी रडू यायचं. आता जरा बरं हाय."

जेवण झाल्यावर पाणी घ्यायला उठले तर देवाच्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या शेजारी एक डबी. अॅल्युमिनियमची, झाकणाला पोचा आलेला, लाल दोऱ्यानं फुलीसारखी बांधलेली. वास ओळखीचा होता. मी मावशीकडे बघितलं. मिशरी सोडलेल्या बाईच्या घरात मिशरीची भरलेली डबी आणि तीही देवापुढे!

"मावशी, ही तुझी?"

"माझी कुटली? माझी तिच्याकडं हाय. ही गौरव्वाची."

मग तिनं जे सांगितलं ते मी दोनदा ऐकलं तरी पटेना. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका खेड्यात देवीचं देऊळ आहे. तिथं मिशरी सोडू पाहणाऱ्या बायका अमावस्येला जातात. आपली भरलेली डबी दोऱ्यानं बांधून एका अनोळखी बाईच्या हातात द्यायची आणि तिची आपण घरी न्यायची. ठरलेल्या अमावस्येला भेटून दोघींनी एकमेकींची डबी जशीच्या तशी परत करायची. मध्ये जर आपण तिची डबी उघडली तर शपथ तिची मोडते, आपली नाही. म्हणजे बिचारीनं आपल्या घरी शिस्तीत दिवस काढले तरी सगळं पाण्यात. पोळ्याच्या अमावस्येला मावशीची जोडी लागली ती या गौरव्वाशी. ती पलीकडच्या, कर्नाटकातल्या गावची. हिला कानडी येत नाही, तिला मराठी जेमतेम.

"आणि उद्या ती येणार? नक्की?"

"म्या न्हाय का निघाले? तशी ती बी येल की."

मला वाटलं होतं आपण दवाखान्यात सोबत करायला आलोय. मावशीनं मात्र आधी देवळात जाऊन डबी परत करायची, मग सोलापुरात मुक्काम आणि सकाळी डॉक्टर, असा बेत कधीच ठरवला होता. काका अंथरुणावरूनच म्हणाले, "तिच्या मनाला आधार हाय तर जा बाई. डाक्टर काय पळून चाललाय?"

सोलापूर स्टँड

डबी खणात गुंडाळली, खण टॉवेलात, टॉवेल पिशवीत. करकंबपासून सोलापूरपर्यंत मावशीनं ती पिशवी मांडीवरून हलवली नाही. मी दोनदा "दे, मी धरते" म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी तिची लोणच्यानं भरलेली काचेची बरणी फोडली होती ते तिला आठवलं असावं.

स्टँडवर अक्कलकोटची बस लागली आणि फलाटावरची सगळी माणसं एकदम धावली. आता पुढचं जे झालं ते मावशीनं केलं असं म्हणणं बरोबर नाही, तिच्या हातानं केलं. उभा जन्म एस्टीत काढलेल्या बाईचा हात, खिडकी रिकामी दिसली की जागा धरायला त्यात काहीतरी टाकतोच. तिनं पिशवी वर उचलली आणि उघड्या खिडकीतून आत भिरकावली.

पिशवी हातातून सुटली आणि तिचा चेहरा उतरला. "आगं आई," एवढंच तोंडातून आलं.

आम्ही धक्के खात आत शिरलो. जागा मिळाली होती, तो भाग उत्तम. पण दोरा तुटला होता, पोचा आलेलं झाकण उडालं होतं आणि काळी पूड टॉवेलातून, पिशवीतून सीटवर आणि सीटवरून खाली. पुढचे फेटेवाले आजोबा शिंकायला लागले. मागची बाई म्हणाली, "भुकटी कसली म्हनायची ही?" आणि वास घेऊन स्वतःच खूश झाली. मावशीनं दोन्ही हातांनी पूड गोळा करायला घेतली. जेवढी ओंजळीत यायची त्याहून जास्त बोटांमधून गळायची.

मग ती एकाएकी थांबली. हात अंगापासून लांब, सरळ पुढे धरले. दहाही बोटं काळी झाली होती.

"शुभे, हात धू माजे."

"थांब, खाली नळ..."

"न्हाय, आत्ता धू. लवकर. तूच धू, मला न्हाय जमायचं."

तिचा आवाज ऐकून मी घाबरले. खिडकीतून तिचे हात बाहेर काढायला लावले, बाटली ओतली आणि एकेक बोट चोळून धुतलं. नखांतली पूड केसांच्या पिनेनं काढली. ती मान वळवून दुसरीकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटले होते. लहान मुलाचे हात धुवावेत तसे मी माझ्या साठीतल्या मावशीचे हात धूत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मला वाटत होतं, तिनं सोडली म्हणजे सुटली.

बस सुटल्यावर ती हळूच म्हणाली, "गौरव्वाचं वाटोळं केलं म्या."

स्वतःचं काही नाही, गौरव्वाचं. मी व्यवहारी तोडगा काढला. अक्कलकोटात तयार मिशरीची पुडी मिळते, ती डबीत भरू, नवा दोरा बांधू, कुणाला कळणार? मावशी अक्कलकोटात उतरल्यावर दुकानापर्यंत आलीसुद्धा. निम्मी गिऱ्हाइकं कानडीत बोलत होती, निम्मी मराठीत आणि दुकानदार दोन्हींत भांडत होता. पुड्यांची माळ दारातच लटकत होती. मावशी चार पावलं लांब उभी राहिली.

"घेऊ?" मी विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "तिला कळंल. जिच्या तिच्या हातच्या मिशरीचा वास येगळा असतोय. कुणी करपवतंय, कुणी कच्ची ठेवतंय. आपल्या हाताची आपल्याला लगीच वळकू येती." मग थोडं थांबून, "आन् न्हाय कळलं तरी नगं."

देवळात

पुढे वडाप, म्हणजे जीपमध्ये जीपपेक्षा जास्त माणसं. त्या दिवशी वेळ अमावस्या होती. या भागात तिला येळवस म्हणतात. आमच्या कोकणात हा सण नाही, करकंबकडेही फारसा नाही. इथं गावंच्या गावं कुलूप लावून शेतात जातात, कडब्याची खोप करून तिच्यात पूजा मांडतात आणि दिवसभर तिथंच खातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली आणि प्रत्येक शेतात माणसांचा घोळका. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही हाका मारून जेवायला बोलावतात. आमच्या जीपला तीन ठिकाणी थांबवलं. ड्रायव्हर दुसऱ्या ठिकाणी थांबलाही.

देऊळ शेतातच आहे. गावाचं नाव लिहायचं नाही असं तिथल्या अज्जीनं मला बजावलं आहे. "लोक येतील, नारळाची दुकानं लागतील, मग बायका बोलणार कुटं?" असं तिचं म्हणणं. अज्जी म्हणजे देवळाची झाडलोट, दिवाबत्ती बघणारी म्हातारी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, मराठी बोलते पण मधेच कानडीत शिरते. आम्हाला बघून म्हणाली, "बा यव्वा, बा. आधी जेव."

आधी जेवलो. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. हिरव्या पालेभाज्या, तुरीचे-वालाचे दाणे, पावटे, सगळं एकत्र शिजवलेलं घट्ट काहीतरी. त्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि थंडगार ताकाची आंबील. मी तीनदा भज्जी घेतली. मावशीनं उंडा कुस्करला आणि कुस्करतच बसली.

प्रश्न विचारून विचारून मी अज्जीचं डोकं खाल्लं. पहिला अर्थातच, डबी भरलेली का? रिकामी दिली तर धोका कमी.

"रिकामी डबी राखायला काय लागतंय?" अज्जी म्हणाली.

"पण मग देवीची शपथ पुरत नाही का?"

तिनं गाभाऱ्याकडे बघून हात जोडले आणि मग माझ्याकडे वाकली. "आमची अम्मा लई भोळी हाय. तिला कुणीबी फसवतंय. चोरून लावायचं, नारळ फोडायचा, माफ कर म्हणायचं. ती करतीया माफ. बाईला फसवून बग की. ती समोर येऊन बसती, डबी मागती."

"सगळ्यांची सुटते?"

"न्हाय की." तिनं हे अगदी सहज सांगितलं. "पर परत येतात. परत आली म्हंजे सुटायला लागली, असं मी धरते."

मला अशा ठिकाणी नेहमी जरा अवघडायला होतं. हात जोडावेत की नुसतं बघावं, कळत नाही. पण ही म्हातारी मला आवडली हे सरळ सांगते.

दुपारी गौरव्वा आली. काटकुळी, उंच, हिरवं इरकल नेसलेली, तीन वाहनं बदलून आलेली. आली ती थेट मावशीपुढे बसली आणि कमरेच्या पिशवीतून मावशीची पितळी डबी काढून तिच्यापुढे ठेवली. दोरा जसाच्या तसा. मावशीची गाठसुद्धा तशीच.

मावशीनं खणातली डबी काढली. दोरा नाही, झाकण वाकडं, तळाला चिमूटभर पूड. ती बोलायला लागली ती थांबेना. खिडकी, पिशवी, बस, आजोबांची शिंक, सगळं. "माज्यामुळं मोडली गं तुजी शपथ. माज्या हातानं फेकली म्या."

गौरव्वानं मधेच तिचा हात धरला. "इल्ला अक्का, इल्ला. नंदे तप्पु." इल्ला म्हणजे नाही, नंदे तप्पु म्हणजे चूक माझीच, हे मला नंतर कळलं. तिनं कानडीत भराभर सांगितलं आणि अज्जीनं आम्हाला मराठीत. लेकीच्या बाळंतपणात गौरव्वा रात्र रात्र जागी होती, बाळ अडलं होतं. शेजारणीनं तिची डबी पुढं केली. आठवडाभर हिनं लावली. लेक-बाळ सुखरूप झाल्यावर बंद केली, पण लावली ती लावलीच. अम्मानं ते बघितलं आणि म्हणून आज डबी सांडवली.

"असं कसं?" मावशी रागावली. "फेकली म्या, अम्मानं कशाला? पिशवी माज्या हातात होती."

"नंदे तप्पु."

"न्हाय, माजी!"

एक कानडीत, एक मराठीत, दोघीही रडत, दोघीही हट्टाला पेटलेल्या. चुकीवर हक्क सांगण्यासाठी माणसं भांडताना मी पहिल्यांदा बघितली. घरी आम्ही याच्या नेमकं उलट भांडतो. अज्जी आंबील पीत शांतपणे ऐकत होती.

शेवटी तिनं वाटी खाली ठेवली. गौरव्वानं खरं सांगितलं, बरं झालं. आता पुन्हा पहिल्यापासून. पण डबी भरलेली पाहिजे. रिकाम्या डबीवर जोडी लागत नाही. "फुडच्या अमावस्येला भरून घेऊन ये," अज्जी म्हणाली.

गौरव्वानं मान हलवली आणि पदर सावरून उठली. तिचा चेहरा बघून मला कळलं, ही परत येणार नाही. एवढ्या लांबून, बाळंतीण घरात टाकून आलेली. घरी जाऊन भरण्यासाठी मिशरी भाजेल, आणि भाजताना काय होईल ते सांगायला नको. मावशीलाही ते कळलं असावं.

"थांब अक्का," मावशी म्हणाली.

तिनं आपली पितळी डबी ओढून घेतली. मला वाटलं आता फेकणार. तिनं दातानं दोरा तोडला आणि झाकण उघडलं. पोळ्याच्या आधी तिनंच भाजलेली, तिच्याच हाताची मिशरी. वास माझ्यापर्यंत आला आणि मावशीच्या नाकपुड्या फुललेल्या मला दिसल्या. मी पुढे झाले. "मी करते मावशी."

"तू बस."

शेजारी पळसाच्या पानांची पत्रावळ होती. तिनं एक पान फाडून त्याची सुरळी केली. ते पहिलं बोट ताठ, सगळ्यांपासून वेगळं, वर धरलं होतं. पानानं ती थोडी थोडी मिशरी गौरव्वाच्या पोचा आलेल्या डबीत टाकत गेली, निम्मी होईपर्यंत. कपाळावर थंडीतसुद्धा घाम आला होता. शेवटी तिनं दोन्ही झाकणं लावली, पान चुलीत टाकलं आणि हात माझ्यापुढे केले. या वेळी न सांगता मी धुतले.

दोघींनी आपापली डबी नव्या दोऱ्यानं बांधली. गौरव्वानं आपली मावशीच्या हातात ठेवली, मावशीनं आपली तिच्या. "तगो," गौरव्वा म्हणाली, म्हणजे घे. पाडव्याच्या आदल्या अमावस्येला भेटायचं ठरलं.

परत सोलापूर

रात्री लॉजवर मला राहवेना. "मावशी, एक विचारू? त्या डबीत तर तुझीच मिशरी आहे की."

ती आडवी झाली होती. "व्हय."

"म्हणजे इतकं सगळं करून तू आपलीच घरी घेऊन चाललीस."

"झोप आता," ती म्हणाली. मला वाटलं तिलाही हे आत्ताच सुचलं असेल आणि आता रात्रभर डोळा लागायचा नाही. पण ती लगेच घोरायला लागली. जागी मी राहिले.

सकाळी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर एका बाजूला विडीवाले, एका बाजूला गुटखेवाले आणि मिशरीवाली मावशी एकटीच. ती माझा हात घट्ट धरून बसली होती. जावेला घेऊन ती याच बाकावर बसली होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. आत गेल्यावर तरुण डॉक्टर बाईंनी बॅटरी लावून बराच वेळ गालाच्या आत बघितलं. मावशीचे डोळे मिटलेले होते, माझेही.

"वाढलेला नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "उलट कडेनं फिकट झालाय. तुकडा काढायची घाई नको. पण मावशी, हे बंद ठेवलंत म्हणून हं. पुन्हा सुरू केलंत तर मी काही सांगू शकत नाही." मावशीनं नुसती मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

औषध लिहिता लिहिता डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात मिशरी ठेवत नाही ना आता?"

मावशीला खोटं बोलता येत नाही. "हाय की. पिशवीतच हाय." तिनं खण सोडून डबी टेबलावर ठेवली.

डॉक्टर बाई उडाल्याच. "अहो मावशी! आत्ताच्या आत्ता टाकून द्या ती. ती बघा बादली."

"दुसऱ्याची हाय ती बाई. टाकू कशी?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे तुम्ही तरी शिकलेल्या दिसता, खरं काय ते सांगा, असं. डबीतला तो वास खोलीत पसरला होता. मावशीनं भाजलेली, मावशीच्या तव्यावरची, कडेला जरा करपलेली मिशरी. मावशी डबीकडे बघत नव्हती. तीही माझ्याकडेच बघत होती.

"खरंच मावशीची नाही ती," मी म्हटलं. "गौरव्वाची आहे. पाडव्याच्या आधी परत द्यायचीय."

मावशीनं डबी उचलली, खणात गुंडाळली, खण टॉवेलात. स्टँडवर पंढरपूरची बस लागली, माणसं धावली, मावशीही धावली. पिशवी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, म्हणून खिडकीतून काय टाकायचं ते तिला क्षणभर सुचेना. मग तिनं माझ्या खांद्यावरचा स्वेटर ओढला आणि आत भिरकावला.